इंग्रजीत 'घडलं' म्हणाले हॅपन की टेक प्लेस, कुठं काय वापराचं?

आपल्याकडच्या दहावी-बारावीच्या पोरांचा इथंच घोळ होते. कोणी ठरवलं नव्हतं अन् घडलं, तर हॅपन. वावरात वीज पडली, ऐन कापूस फुटला अन् पाऊस आला, ट्रॅक्टर पलटला, हे सगळं हॅपन्ड. तारीख-जागा ठरवून केलं त्याले टेक प्लेस, म्हणजे लग्न, ग्रामसभा, परीक्षा. नागपूरची धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ले झाली, तिथं टुक प्लेसच शोभते, हॅपन्ड लिहिलं तर वाटते लोक सहज जमले अन् होऊन गेलं.

कोणाले काही झालं असन तर मात्र हॅपनच, व्हॉट हॅपन्ड टू युवर बुल, इथं टेक प्लेस चालतच नाही. पेपरात ॲक्सिडेंट टुक प्लेस दिसते, ते चूक नाही, पण बोलताना जड वाटते.

अन् वॉज हॅपन्ड, वॉज टेकन प्लेस कधीच लिहू नका बाप्पा! दोन्हीले कर्मणी प्रयोगच नाही. ॲक्सिडेंट हॅपन्ड, मीटिंग टुक प्लेस, बस. इंटरव्ह्यूत शंका आली तर हॅपन वापरा, ते ठरलेल्या कार्यक्रमालेही बहुतेक चालून जाते, म्हणून मी पोरांले आधी तेच पक्कं करा म्हणतो.