येसू एफटी-65आर : इंदुरात काही महिने वापरल्यानंतर

पहिला हँडी, म्हणजे हातात धरायचा हौशी रेडिओ सेट, घेताना सगळे वॉट आणि किंमत विचारतात, नावातलं शेवटचं अक्षर कुणी पाहत नाही. एफटी-65 मध्ये 'आर' अमेरिकेसाठी, 'ई' युरोपसाठी. भारत आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) विभाग 3 मध्ये येतो. आपल्याला दोन मीटर तरंगलांबीच्या पट्ट्यात 144 ते 146 आणि सत्तर सेंटिमीटरच्या पट्ट्यात 434 ते 438 मेगाहर्ट्झ एवढीच मुभा. 'आर' 148 आणि 450 पर्यंत प्रसारण करतो, 'ई' 146 आणि 440 पर्यंत. दोन्ही सेट आपल्या हद्दीबाहेर बिनतक्रार बोलतात, म्हणून हद्द आपणच सांभाळायची. परवाना हाती येईपर्यंत पीटीटी (बोलण्याचं बटण) दाबायचं नाही, हे तर आलंच.

खरा घोळ आपोआप लागणाऱ्या रिपीटर शिफ्टचा. रिपीटर आपला आवाज एका फ्रिक्वेन्सीवर ऐकून दुसरीवर पुन्हा पाठवतो; या दोहोंतलं अंतर म्हणजे शिफ्ट. अमेरिकी सेट 145.100 ते 145.500 च्या पट्ट्यात स्वतःहून 600 किलोहर्ट्झ खाली प्रसारण करतो. 145.200 वर सिम्प्लेक्स (रिपीटरविना, थेट सेट ते सेट) बोलायला जावं तर आवाज निघतो 144.600 वर, आणि पलीकडचा गप्प! उलट 145.650 वरचा रिपीटर स्वच्छ ऐकू येतो, पण शिफ्ट लागत नाही, म्हणून तो आपल्याला उचलत नाही. पीटीटी दाबल्यावर पडद्यावरचा आकडा बदलतो का पाहा, तिथेच निदान होतं. मी ही सोय बंदच ठेवतो. प्रत्येक रिपीटर शिफ्ट आणि टोनसकट (आवाजासोबत जाणारा, रिपीटर उघडणारा खालचा सूर) मेमरीत घातला की काम झालं. 200 जागा आहेत, संगणकाला जोडायची केबल आणि चर्प हे फुकट सॉफ्टवेअर वापरा. टोन फक्त प्रसारणाला लावा. टोन स्क्वेल्च (तो टोन आला तरच आवाज ऐकवणारी सोय) लावला आणि रिपीटर टोन परत पाठवत नसेल, तर सेट मुका होतो.

चार्जरच्या ॲडॉप्टरवर 100–240 व्होल्ट छापलंय ना, तेही तपासा. नुसतं 120 असेल तर आपल्या 230 ला लावू नका.

राजवाड्याच्या गल्लीत 2.5 वरून 5 वॉट केल्याने फारसं काही होत नाही, वाढ जेमतेम 3 डेसिबल. गच्चीवर चढल्याने पुष्कळ होतं, महूजवळच्या जानापावावर तर विचारूच नका. पोच वाढवायला सोबतच्या रबरी अँटेनाला 49 सेंटिमीटर लवचिक वायरची शेपटी जोडा : टोकाला पातळ लग (धातूची कडी), तो अँटेनाच्या बुडाखाली. लग जाड असला तर अँटेना पुरती बसत नाही, मधली पिन टेकत नाही.

या सेटवर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचा रिपीटरही मिळतो. पाच मेमऱ्या करा : ऐकायला 437.810 पासून 5 किलोहर्ट्झने उतरत 437.790 पर्यंत, प्रसारण सगळ्यांत 145.990, टोन 67 हर्ट्झ. स्थानक उगवताना पहिली, डोक्यावर असताना मधली, मावळताना शेवटची. वेगामुळे फ्रिक्वेन्सी सरकते. आपलाच आवाज परत ऐकता येत नाही, कारण सेट एका वेळी बोलतो किंवा ऐकतो. म्हणून कॉलसाइन (परवान्यातलं आपलं ओळखनाव) एकदाच, तोही थोडक्यात द्यावा आणि बटण सोडावं.