घडियाळी पोळमधला रोमन नाण्यांचा संच: ज्युपिटर छान, सेरेस बुजलेली

जुन्या रोमन सोन्याच्या नाण्यांच्या सहा नकला, पितळेवर सोन्याचा मुलामा, मखमली डबी, किंमत १,४५० रुपये. वडोदऱ्यात घडियाळी पोळच्या एका दुकानातून घेतला. माझी हयात पुतळीमाळेचे ठसे कोरण्यात गेली, त्यामुळे डबी बाजूला ठेवून आधी भिंग घेतलं.

रोमन सम्राट नीरोचं नाणं अव्वल. मागे सिंहासनावर रोमनांचा देवराज ज्युपिटर, एका हातात वज्र, दुसऱ्यात राजदंड, आणि ‘रक्षणकर्ता ज्युपिटर’ अशी लॅटिन अक्षरं. इ.स. ६५ मध्ये नीरो एका कटातून वाचला, त्याच सुमाराचं हे नाणं. मांडीवरच्या वस्त्राच्या चुण्यासुद्धा उमटल्यात.

सम्राज्ञी फाउस्टिनाच्या नाण्यामागची सेरेस मात्र वाया गेली. ही धान्याची देवी. पळवून नेलेल्या लेकीला शोधायला निघाली म्हणून हातात लांब मशाल. इथे मशाल लाटण्यासारखी दिसते आणि चेहऱ्याला नाकच नाही. ओतीव कामात बारीक रेघ बुजते. रोमन कारागीर दोन ठशांमध्ये सोनं ठेवून वरून हातोडा घालत, म्हणून मूळ नाण्यांची कड वेडीवाकडी असते. ही सहाही बांगडीच्या दुकानातून आल्यासारखी गोल.

पुढच्या काळातला सम्राट कॉन्स्टंटाइन, त्याच्या नाण्यावर डोक्याभोवती किरणं असलेला सूर्यदेव सोल आहे. चिठ्ठीवर मात्र ‘अपोलो’ या दुसऱ्याच देवाचं नाव छापलंय.

वजनाचं तर विचारूच नका. नीरोच्या काळी एका रोमन पौंडात ४५ नाणी पाडत, म्हणजे साधारण ७.३ ग्रॅमचं एक. कॉन्स्टंटाइनने ७२ पाडली, साडेचार ग्रॅमचं एक. संचात दोन्ही सारखीच, काट्यावर नऊ-नऊ ग्रॅम. खऱ्या मापात पितळ सोन्याच्या निम्म्यानेही भरत नाही, म्हणून हाताला जड लागावीत अशी जाड केलीत. गिऱ्हाईक फसतं, सोनार नाही.

सुटं नाणं देत नाहीत. “काका, मग डबीचं काय करू?” असं शेठ म्हणाला, पण सेरेस बदलून द्यायला तयार झाला. बदललेलीही तशीच निघाली.

सुनेला नीरो गळ्यात घालायचाय. खुशाल घालावा, भारतात सापडलेल्या रोमन नाण्यांनाही भोकं पाडलेली, कड्या लावलेल्या आढळतात. कुणाला तसं करायचं असेल तर तयार नाण्याला नुसता डाख देऊन सोडू नका, मुलामा जळतो. आधी कडी डाखून घ्या, मग पुन्हा मुलामा चढवा.