धायटी लावली, शिंजीर आले: साताऱ्याजवळच्या एका देशी रोपवाटिकेबद्दल

घर बांधून झालं तेव्हा मागच्या अडीच गुंठ्यांत नुसता मुरूम उरला होता. एका कोपऱ्यात घाणेरीचं रान, बाकी सगळं उघडं. २०२३च्या मे महिन्यात हायवेवरच्या एका नर्सरीत गेलो, तर तिथल्या माणसाने कंपाउंडच्या कडेने कोनोकार्पस हे परदेशी झाड लावायचा आग्रह धरला. वर्षात हिरवी भिंत उभी राहील आणि कीड म्हणून लागणार नाही, असं सांगत होता. कीड लागणार नाही हे ऐकून ह्यांना बरं वाटलं, माझं मन मात्र तिथेच उडालं. माझ्या माहेरी परसात कढीलिंब होता. त्याच्यावरच्या अळ्या वेचून शिंपी पक्षी पिल्लांना भरवायचा, ते बघत मी मोठी झाले. ज्या पानाला अळी तोंड लावत नाही, त्या झाडावरून पिल्लाच्या चोचीत काय जाणार? त्याच वर्षी सप्टेंबरात गुजरात सरकारने कोनोकार्पस लावायला बंदी घातल्याची बातमी आली, ती मी ह्यांना मुद्दाम वाचून दाखवली.

तोवर आम्हाला ही रोपवाटिका सापडली होती. साताऱ्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी, नवराबायको दोघंच चालवतात; आम्ही त्यांना काका-मावशी म्हणतो. नाव लिहू नका असं काकांनी बजावलंय. पावसाच्या तोंडावर गर्दी झाली की रोपं पुरत नाहीत आणि लांबून आलेला माणूस रिकाम्या हाताने परत जातो, ते त्यांना बघवत नाही. म्हणून नाव आणि नेमकी जागा सोडून बाकी सगळं लिहिते.

पहिल्या दिवशी काकांनी आम्हाला एकही रोप दाखवलं नाही. बाकड्यावर बसवलं आणि विचारायला सुरुवात केली. "ताई, माती कसली? उन्हाळ्यात पाणी कुठलं देणार? ऊन दिवसभर की अर्धा दिवस? गुरं आत येतात का?" मग म्हणाले, "आणि तुम्हाला यायला कोण हवंय?" मी म्हटलं, पक्षी. त्यावर त्यांनी विचारलं, कुठल्या महिन्यात? मला उत्तर देता येईना. मग कागद घेऊन त्यांनी बारा महिने मांडले. जानेवारी ते मार्च मधासाठी धायटी. मे महिन्यात फळांसाठी करवंद. पावसाळ्यात मुरुडशेंगेची लाल फुलं. बोराला हिवाळ्यात फळ येतं आणि पानावर फुलपाखराच्या अळ्या वाढतात. सावलीच्या बाजूला अडुळसा, कारण त्याच्या पांढऱ्या फुलांवर भुंगे तुटून पडतात आणि गुरं त्याला तोंड लावत नाहीत. कढीलिंब तर हवाच. तो कागद अजून आमच्या फ्रिजच्या दारावर आहे. झाड दिसतं कसं, यापेक्षा ते कुणाला कधी जेवू घालतं हे बघून निवड करायची, हे मला त्या बाकड्यावर समजलं.

त्यांनी मला एक रोप विकायला नकारही दिला. मला बहावा हवा होता. कडेने विजेची तार जाते म्हटल्यावर काका म्हणाले, पाच वर्षांनी तुम्हीच कुऱ्हाड लावाल, त्यापेक्षा नको. गिऱ्हाईक दारात उभं असताना असं सांगणारा दुकानदार मला दुसरा भेटलेला नाही.

घाणेरी एकदम उपटू नका, हेही त्यांचंच. ती परदेशातून आलेली, बाकी काही वाढू देत नाही, हे खरं. पण आज बुलबुल तिचीच फळं खातात आणि तिच्याच काट्यांत घरटं बांधतात. आधी करवंद मोठी होऊ द्या, मग घरटं नाही ना हे बघून दरवर्षी थोडी थोडी काढा, असं म्हणाले. आम्ही तसंच करतोय. घाणेरी आता निम्मी राहिली आहे आणि करवंदीच्या जाळीत लालबुड्या बुलबुलाने वीण काढली.

सगळ्यात जास्त समाधान धायटीने दिलं. हाताएवढं रोप घेतलं तेव्हा अगदी मरगळलेलं दिसत होतं. मावशी सांगत होत्या की हिचं बी इतकं बारीक असतं की बारीक वाळूत मिसळून पेरावं लागतं, नाहीतर एकाच जागी पडतं. जूनमध्ये पहिला चांगला पाऊस झाल्यावर दीड फुटाच्या खड्ड्यात शेणखत घालून लावली. मुरमात तिला काही अडलं नाही. पुढचा उन्हाळा जेमतेम पाण्यावर काढला आणि २०२५च्या जानेवारीअखेर फांद्या फुलांनी लाल झाल्या. धायटीचं फूल जवळून बघावं असं आहे. बोटाच्या पेरापेक्षा लहान, किंचित वाकलेली नळी, आणि तोंडातून बाहेर आलेले लांब केसर. पहिल्याच आठवड्यात जांभळा शिंजीर, म्हणजे फुलांतला मध पिणारा चिमुकला पक्षी, आला. त्याची चोच आणि त्या नळीचा बाक इतका जुळतो की फूल फाटत नाही, नुसतं हलतं. फांदीवर बसून चोच आत घालायची, काढायची, पुढच्या फुलावर. चोचीवर पिवळे परागकण चिकटलेले मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचे. मागाहून चष्मेवाल्या पक्ष्यांचा थवा यायला लागला. आमच्या सासूबाईंना ही फुलं फक्त आसवं-अरिष्टांत घालायची म्हणून माहीत होती. त्या आता सकाळचा चहा मागच्या पायरीवरच घेतात.

दुसरं झाड माकडलिंबू. कढीलिंबाच्या नात्यातलं, काटेरी, सावकाश वाढणारं. हे काकांनीच गळ्यात घातलं म्हणायला हरकत नाही. राणी पाकोळी, म्हणजे २०१५ साली महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलेलं, याच्यावर अंडी घालते असं म्हणाले. गेल्या पावसाळ्यात पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काहीतरी दिसलं. बोटाने झटकायला गेले तर ते सरकलं. अळी होती. पुढे ती हिरवीगार झाली आणि काडी लावली की डोक्यामागून लालसर दुबेळकं काढून उग्र वास सोडायची. अर्ध्याहून जास्त पानं तिने संपवली. शेजारच्या वहिनींनी फवारणीचा पंप देऊ केला, मी हात जोडले. कोष झाल्यावर साधारण पंधरवड्याने सकाळी तळहाताएवढं काळंभोर फुलपाखरू फांदीला लटकून पंख वाळवत होतं, मागच्या पंखांवर निळी झाक. तेव्हा मी सगळ्यांना हाका मारून बाहेर बोलावलं. झाडाला महिन्याभरात पुन्हा पालवी आली.

आता ज्या गोष्टी खटकल्या त्या. आपटा म्हणून घेतलेल्या दोन रोपांपैकी एक कांचन निघालं. रोप लहान असताना पानं फसवतात हे मान्य, पण पाट्या खडूने लिहिलेल्या असतात आणि एका पावसात धुऊन जातात, चूक तिथे होते. सांगितलं तर काकांनी लगेच चूक कबूल केली, बदली रोप दिलं आणि कांचनही राहू द्या म्हणाले. करवंदाच्या दहापैकी तीन रोपांच्या मुळ्यांनी पिशवीच्या तळाशी वेटोळं घातलं होतं, बहुधा दोन वर्षं त्याच पिशवीत राहिलेली. त्यातली दोन गेली. तेव्हापासून मी पिशवी हातात उचलून तळ बघते. खालून जाड मूळ बाहेर आलेलं असेल तर ते रोप घेत नाही. आणि शोभेच्या नर्सरीसारखं इथे काही भरगच्च, फुललेलं मिळत नाही. पहिलं वर्षभर आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा विचारायचा, काड्या कशाला रोवल्यात?

दर मला रास्त वाटले. बहुतेक रोपं चाळीस ते ऐंशी रुपयांत, माकडलिंबू एकशेवीसला. तो बियांपासून वाढायला वेळ लागतो म्हणून महाग, आणि इथली सगळी रोपं बियांचीच आहेत. जंगलातून उपटून आणलेलं काही ते ठेवत नाहीत. हा प्रश्न कुठल्याही देशी रोपवाटिकेत आधी विचारा. डोंगर ओरबाडून आपली बाग करण्यात काय अर्थ आहे? करवंदाचं बी फार टिकत नाही, त्यामुळे मे-जूनमध्ये ताजंच पेरलेलं असतं. मावशी त्या दिवसांत सकाळभर फळं कुस्करत बसलेल्या असतात, बोटं जांभळी झालेली.

जायचं असेल तर मे महिन्यातच जाऊन रोपं सांगून ठेवा आणि खड्डे खणून ठेवा. सकाळी अकराच्या आत जा, नंतर काका पाण्याच्या पाळीवर असतात. पैसे रोख न्या, तिथे मोबाईलला रेंज नाही. रोपं आणायला भाजीचे प्लॅस्टिकचे क्रेट न्या, डिकीत आडवी टाकली तर शेंडे मोडतात. मी या वर्षी दिंडा या देशी झुडपाची चार रोपं माझ्या नावाने बाजूला ठेवायला सांगितली आहेत. घाणेरी काढून मोकळ्या झालेल्या कोपऱ्यात ती जातील.