किसान रेलने ढोबळी आणि डाळिंब पाठवलं, आमचा अनुभव

बरेच जण विचारतात की किसान रेलचा, म्हणजे फळं-भाज्या नेणाऱ्या रेल्वेच्या खास मालगाडीचा, खरंच उपयोग झाला का ती नुसती झेंडा दाखवायची गाडी होती, म्हणून एकदा सगळं लिहून टाकतो. आमचं सांगोला तालुक्यात दीड एकर भगवा जातीचं डाळिंब आणि शेडनेटमध्ये २० गुंठे ढोबळी मिरची.

मार्च २०२० ला लॉकडाऊन लागलं तेव्हा भाजीपाल्याला परवानगी होती हो, पण कागदावर. ड्रायव्हर मिळेना, ढाबे बंद, पंक्चर काढायला माणूस नाही, जिल्ह्याच्या हद्दीवर गाड्यांची रांग. एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे ढोबळी भरली ती तीन दिवस अडकली, उतरवली तेव्हा खालच्या क्रेटला पाणी सुटलेलं. भाड्याचे पैसेसुद्धा निघाले नाहीत. बायकोने तेव्हा शेडनेटकडे बघायचंच सोडलं होतं.

मग ७ ऑगस्ट २०२० ला नाशिकजवळच्या देवळालीहून बिहारमधल्या दानापूरला पहिली किसान रेल सुटली आणि त्याच महिन्यात सांगोल्याहून जोडगाडी चालू झाली, आपले डबे मनमाडला मुख्य गाडीला लावायचे. मला सगळ्यात जास्त काय आवडलं तर कमीत कमी मालाची अट नव्हती. ट्रक भरायचा म्हणजे नऊ-दहा टन लागतात, तेवढा माल आमच्यासारख्याकडे एका तोडणीत कुठून येणार, मग व्यापाऱ्याच्या पाया पडा. इथं क्विंटलभर माल असला तरी घ्यायचे, वाटेतल्या स्टेशनांवरही मालाची चढ-उतार व्हायची. आम्ही पहिल्यांदा फक्त ४० क्रेट नेले, पिकअपमध्ये टाकून स्टेशनला, वजन केलं, पावती घेतली, झालं. देवळाली-दानापूरचा सुरुवातीचा दर टनाला ४,००१ रुपये होता, ऑक्टोबरपासून फळं-भाज्यांना ५० टक्के सबसिडी लागली. त्या वर्षी आमचं घर याच्यावर तरलं, हे मी मनापासून सांगतो. २८ डिसेंबरला शंभरावी गाडी आमच्याच सांगोल्याहून बंगालच्या शालिमारला गेली, त्या दिवशी गावात सणासारखं वाटत होतं.

एवढ्या गोंधळात रेल्वेलाच कसं जमलं याचा मी बराच विचार केलाय. एक तर एका गाडीला डझनावर ट्रकांचा माल जातो आणि माणसं लागतात मोजकीच, तीही टप्प्याटप्प्यावर बदलतात, त्यामुळे कोणी हद्दीवर अडकत नाही. दुसरं म्हणजे पॅसेंजर गाड्या बंद, रूळ मोकळे. मार्च २०२० मध्ये मालगाड्यांचा सरासरी वेग ताशी २५ किमीच्या आसपास होता तो वर्षभरात ४५ वर गेला, आणि देशभरची मालवाहतूक त्या लॉकडाऊनच्या वर्षातसुद्धा आदल्या वर्षापेक्षा वाढली, साधारण १२१ कोटी टनांवरून १२३ कोटी.

पण हेच दुखणं पण आहे. रूळ मोकळे होते म्हणून आमची मिरची पळाली. २०२२ च्या उन्हाळ्यात वीजकेंद्रांना कोळसा कमी पडला तेव्हा कोळशाच्या गाड्यांना वाट द्यायला शेकडो पॅसेंजर फेऱ्या रद्द केल्या, वीज पाहिजेच, मान्य, पण मग माणसांच्या गाड्या जिथं थांबतात तिथं आमच्या ४० क्रेटला कोण विचारणार. त्याच्या आधीच मार्चअखेर सबसिडी संपली होती आणि किसान रेल झपाट्याने कमी झाल्या. एकूण २,३५९ फेऱ्या, जवळपास आठ लाख टन माल, एवढं करून दाखवलेली सेवा संकट सरलं की गुंडाळायची नसते असं माझं ठाम मत आहे. सबसिडी पहिल्याइतकी नको हवं तर, पण आठवड्यातून दोन ठरलेले वार द्या, शेतकरी त्या हिशोबाने तोडणी लावतो. गाडी कधी आहे हेच माहीत नसेल तर स्वस्त असून काय उपयोग?

आणखी एक, बहुतेक डबे साधे पार्सल व्हॅन होते, थंड ठेवायची सोय नाही. डाळिंबाला काही होत नाही, ते दमदार फळ. ढोबळीचं तसं नाही, एप्रिल-मेमध्ये दीड-दोन दिवस बंद डब्यात म्हणजे जीव टांगणीला. क्रेट गच्च भरू नका, वरून दोन बोटं जागा सोडा आणि नाव दोन्ही बाजूंनी मार्करने लिहा, उतरवताना गर्दीत एकच बाजू दिसते.

डाळिंबाला ५ पैकी ५. ढोबळीला ३, तेही थंडीतच.