ग्रंथालयाचा तास की वर्गातली पुस्तकपेटी?

तासगावच्या एका शिक्षिकेने विचारलं आहे: आठवड्याला एक ग्रंथालय तास ठेवावा, की ग्रंथपालांकडून पेटी घेऊन वर्गातच ठेवावी?

खर्चात फारसा फरक नाही, पुस्तकं तीच. पुस्तकं टिकण्याच्या बाबतीत तास सरस. देवघेव नोंदवहीत होते, फाटलेलं पान लगेच दिसतं. पेटीतली पुस्तकं हरवतात, पावसाळ्यात ओलही धरतात. मुलांपैकी दोघांकडे नोंदीची वही दिली तर बराच फरक पडतो.

खरा प्रश्न मेहनतीचा आणि ती कोणी करायची याचा. तासाला शिक्षक मुलांना सोडून वह्या तपासायला गेले, तर तो तास वायाच जातो. पेटीसाठी मात्र शिक्षक आणि ग्रंथपाल दोघांना आधी बोलावंच लागतं. समजा, १९४२चा लढा शिकवायचा आहे. शिक्षकांनी आठवडाभर आधी सांगितलं, तर ग्रंथपाल क्रांतिसिंह नाना पाटील आणि साताऱ्याच्या प्रतिसरकारवरची पुस्तकं काढून ठेवतील. तेव्हा तासगाव सातारा जिल्ह्यातच होतं, म्हणजे हा मुलांच्या गावांचाच इतिहास! धडा शिक्षकांना ठाऊक, कपाट ग्रंथपालांना. ही दोन्ही माहिती एकत्र आल्याशिवाय मुलाच्या हाती योग्य पुस्तक पडत नाही.

पण आवडीचं पुस्तक स्वतः शोधण्याची सवय कपाटासमोरच लागते.

पाचवी-सहावीला, किंवा पूर्णवेळ ग्रंथपाल असेल तिथे तास ठेवा, शिक्षकांनीही तिथेच थांबावं. आठवीपुढे, प्रकल्प असताना पेटी घ्या आणि धडा बदलला की पेटीही बदला. ग्रंथपाल अर्धवेळ असतील तर पेटीच बरी.