खंदकांमागची छोटी रेल्वे: 1:72 की 1:35?

पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवर धावलेल्या 600 मिलिमीटर गेजच्या (म्हणजे दोन रुळांमधले अंतर तेवढे असलेल्या) रेल्वेचे स्थिर मॉडेल करायचे ठरले, की बहुतेक जण आधी इंजिन निवडतात. अमेरिकी बनावटीचे बाल्डविन वाफेचे इंजिन घ्यावे की जर्मन ब्रिगेडलोक, यातच महिना जातो. माझ्या मते निर्णय स्केलचा, म्हणजे मॉडेल मूळ वस्तूच्या 72 पट लहान (1:72) करायचे की 35 पट (1:35) याचा, आधी व्हावा. मी 1:72 मध्ये दोन वर्षे काम केले आणि आता 1:35 कडे वळलो आहे, तेव्हा मत अगदी तटस्थ असेल असे नाही.

1:72 चे मोठे सुख म्हणजे जागा. वाफेच्या इंजिनाचा धूर दिवसा शत्रूच्या तोफखान्याला दिसे, म्हणून आघाडीच्या अलीकडेच वाघिणी रुळांवर चालणाऱ्या सिम्प्लेक्स पेट्रोल ट्रॅक्टरला जोडल्या जात. ही अदलाबदल, तोफगोळ्यांच्या ढिगांसह आणि वाट पाहणाऱ्या सैनिकांसह, फूटभर रुंदीच्या फळीवर सहज मावते. माथेरानच्या गाडीत बसलेल्यांना हे गेज किती लहान ते सांगायला नको, तरी 1:35 मध्ये तोच प्रसंग मांडायचा तर कपाटाचा एक अख्खा कप्पा द्यावा लागतो आणि घरच्यांची संमतीही घ्यावी लागते. खर्चही वाढतो.

मला मात्र 1:72 मध्ये रुळांनी छळले. ब्रिटिशांच्या या मार्गांवर बव्हंशी यार्डाला 20 पौंडांचे हलके रूळ असत आणि त्यांची उंची अडीच इंचांच्या आसपास. बाजारात मिळणारा 9 मिलिमीटर गेजचा नेहमीचा ट्रॅक कोड 80 चा, म्हणजे रुळाची उंची इंचाच्या 80 हजारांश. त्याची उंची 1:72 च्या हिशेबाने पावणेसहा इंच होते, म्हणजे खेळण्यातल्या गाडीखाली मुख्य मार्गाचा रूळ. कोड 55 घेतला तरी ती चार इंचांच्या आसपासच राहते. मी रूळ चिखलात दडवायचे ठरवले आणि प्लास्टर चढवत गेलो. स्लीपर दिसेनासे झाले, पण रुळाचा माथा उघडा ठेवावाच लागतो, त्यामुळे वाघिणी चिखलात रुतल्याऐवजी चिखलावर तरंगताना दिसू लागल्या. कोड 40 चे रूळ हाताने सोल्डर करणारे लोक आहेत. त्यांना नमस्कार, माझी नजर आता तेवढी राहिलेली नाही.

1:35 मध्ये हेच दुखणे जवळजवळ आपोआप मिटते. 16.5 मिलिमीटर गेजचा कोड 75 ट्रॅक घेतला, की रुळाची उंची अडीच इंचांच्या किंचित वर जाते. 35 पटीने मोजले तर गेज मूळ 600 पेक्षा साडेबावीस मिलिमीटर कमी भरते खरे, पण ते माझ्या डोळ्यांना कधी खुपले नाही. तयार स्लीपर मात्र कापून टाकावे लागतात, कारण मूळचे रूळ पोलादी स्लीपरांसह तुकड्यातुकड्यांत तयार येत आणि माणसे ते उचलून अंथरत. मी प्लास्टिकच्या पट्टीचे स्लीपर केले आणि त्यांच्या कडा खाली दुमडल्या. एका तुकड्याला एक संध्याकाळ लागते. असा एक तुकडा चार सैनिकांच्या हातात दिला, तर इंजिन नसतानाही देखावा उभा राहतो.

ज्याच्याकडे जागा कमी आहे आणि ज्याला प्रसंगाचा मोठा आवाका हवा आहे, त्याने 1:72 निवडले तर मी अडवणार नाही. माझे त्या स्केलचे बाल्डविन अजून वरच्या कप्प्यात आहे. ते घसरून चिखलात आडवे पडलेले दाखवले आहे, म्हणजे त्याच्याखालचा रूळ कोणी पाहत नाही.