जुने व्हिडिओ गेम पीसीवर: एम्युलेटर आणि कंट्रोलर काही महिने वापरल्यानंतर

घाईत असणाऱ्यांसाठी मुद्दा आधीच सांगतो. एम्युलेटर, म्हणजे जुन्या गेम मशीनची पीसीवर नक्कल करणारं सॉफ्टवेअर, लावून जुने गेम खेळायला नवा पीसी घेऊ नका. ते पैसे कंट्रोलरला लावा, आणि हाताशी असलेला वेळ बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंतचा उशीर कमी करण्यात घाला. गेले काही महिने हा सेटअप घरात रोजच्या वापरात आहे. कधी मी एकटा, कधी भाचा आणि मी, सुट्टीत तर तीन-चार जण. या काळात माझं हे मत पक्कंच होत गेलं.

पीसी म्हणजे एका ऑफिसने काढून टाकलेला जुना डेस्कटॉप. आय-थ्री प्रोसेसर, ८ जीबी रॅम, विंडोज १०, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. निन्टेन्डोचा फॅमिकॉम १९८३ साली जपानमध्ये आला तेव्हा त्याच्या प्रोसेसरचा वेग साधारण १.७९ मेगाहर्ट्झ होता आणि मुख्य मेमरी होती २ किलोबाइट. १९९४ च्या प्लेस्टेशनची मेमरी २ मेगाबाइट. एवढ्यासाठी आय-थ्री भरपूर झाला. प्लेस्टेशन २ पासून पुढचं सगळं मात्र खरोखर ताकद मागतं. तो विषय इथे घेत नाही.

सॉफ्टवेअरमध्ये मी दोन गोष्टींवर स्थिरावलो: पहिल्या प्लेस्टेशनसाठी डकस्टेशन आणि बाकी सगळ्यासाठी रेट्रोआर्च. रेट्रोआर्च स्वतः एम्युलेटर नाही. त्यात प्रत्येक मशीनसाठी वेगळा ‘कोर’ उतरवून घ्यायचा असतो: फॅमिकॉमसाठी नेस्टोपिया किंवा मेसेन, सुपर निन्टेन्डोसाठी स्नेस-नाइन-एक्स, गेम पार्लरमधल्या मशीनसाठी फायनलबर्न निओ. पहिल्यांदा मेन्यू उघडला की दडपायला होतं, कारण सेटिंग्ज एकावर एक थरांत असतात. एक थर सगळ्यांना लागू होणारा, त्यावर कोरचा, त्यावर फोल्डरचा, सगळ्यात वर त्या एका गेमचा. हे थर समजले की पुढे त्रास नाही. सगळं मनासारखं जमलं की ‘सेव्ह कॉन्फिगरेशन ऑन एक्झिट’ बंद करून टाका. नाहीतर कोणीतरी खेळता खेळता काहीतरी बदलतं आणि बाहेर पडताना तेच कायम होऊन बसतं.

आता कंट्रोलर. आधी बाजारातून स्वस्तातली, नाव नसलेली यूएसबी जोडी आणली होती. दिसायला छान, पण डी-पॅड, म्हणजे दिशांची फुली, कच्चा. उजवीकडे दाबलं की मध्येच वरचंही बटण लागायचं. हे तपासायची सोपी युक्ती आहे. कॉन्ट्रा लावा, खालचं बटण दाबून शिपायाला जमिनीवर झोपवा, आणि अंगठा तसाच दाबून ठेवून तो हलकेच डावीकडे-उजवीकडे डोलवा. चांगल्या पॅडवर शिपाई पडून राहतो. वाईट पॅडवर तो मध्येच उठतो आणि तिरका नेम धरतो. गेम न लावताही पाहता येतं. विंडोजच्या ‘रन’मध्ये ‘जॉय डॉट सीपीएल’ टाइप केलं की कंट्रोलर तपासायची खिडकी उघडते, आणि कुठल्या दिशेचा दाब कुठे लागतोय ते समोर दिसतं. दुकानदार लॅपटॉपला लावून बघू देत असेल तर ही तपासणी तिथेच करा.

मग मी एटबिटडोचा प्रो २ घेतला आणि आजही तोच वापरतो. डी-पॅड सुपर निन्टेन्डोच्या वळणाचा आहे, तिरक्या दिशा हव्या तेव्हाच लागतात. मागे एस, ए, डी, एक्स अशी सरकपट्टी आहे. विंडोजसाठी ती एक्सवर ठेवायची, म्हणजे पीसीला तो एक्सबॉक्सचा कंट्रोलर वाटतो आणि रेट्रोआर्च त्याला आपोआप ओळखतं. चार्ज होणारी बॅटरी काढून तिथे दोन पेन्सिल सेल घालता येतात. पुढे कधी ती बॅटरी दमली तरी कंट्रोलर फेकावा लागणार नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. ब्लूटूथवर तो चालतो, पण कॉन्ट्रासारख्या गेमसाठी मी केबलच लावतो.

ज्यांच्याकडे आधीच प्लेस्टेशन ४ चा ड्युअलशॉक पडून आहे त्यांनी नवीन काही घेऊ नये, तोही उत्तम आहे. फक्त एक गोष्ट सांभाळा. डीएसफोरविंडोज वापरलं की ते पीसीला एक नकली एक्सबॉक्स कंट्रोलर दाखवतं, आणि खरा कंट्रोलरही तिथेच दिसत राहतो. मग एक दाब दोनदा लागतो, मेन्यूमध्ये एक ओळ खाली जायचं तर दोन ओळी उडतात. हिडहाइड नावाचं छोटं सॉफ्टवेअर खऱ्या कंट्रोलरला गेमपासून लपवतं, की हा प्रकार थांबतो. मागे स्टीम चालू असेल तर त्याच्या स्वतःच्या कंट्रोलर सेटिंगमुळेही असंच होऊ शकतं.

बटणांच्या मांडणीवर मी सगळ्यात जास्त वेळ घातला, आणि तो वसूल झाला. फॅमिकॉमच्या रिमोटवर बी आणि ए शेजारी शेजारी असतात. मारियो पळवताना अंगठ्याचं टोक बीवर दाबलेलं राहतं आणि त्याच अंगठ्याचं पेर एवर लवंडलं की उडी बसते. आजच्या कंट्रोलरवर चार बटणं चौकटीच्या फुलीसारखी असतात. रेट्रोआर्चमध्ये मुळात फॅमिकॉमचं बी खाली आणि ए उजवीकडे येतं. तशी पळता पळता उडी मारायला अंगठा बाहेरच्या बाजूला वळवावा लागतो आणि थोड्या वेळाने दुखतो. म्हणून मी डावं बटण बी केलं आणि खालचं ए. अंगठा आडवा टेकतो आणि दोन्ही बटणं त्याच्याखाली नैसर्गिकपणे येतात. आता नेस्टोपियात टर्बोची, म्हणजे धरून ठेवलं की आपोआप भराभर दाब देणारी, दोन बटणंही मिळतात. ती मी वरच्या आणि उजव्या बटणावर नेली. म्हणजे टर्बो बी हे बीच्या वरच्या अंगाला आणि टर्बो ए हे एच्या वरच्या अंगाला आलं. आपल्याकडे समुराई, लिटल मास्टर वगैरे नावांनी मिळणाऱ्या टीव्ही गेमच्या रिमोटवर टर्बोची जोडी अशीच वरच्या ओळीत असायची. ज्यांनी त्यावर कॉन्ट्रा खेळलाय त्यांचा हात लगेच बसतो. हे सगळं ‘क्विक मेन्यू’तल्या ‘कंट्रोल्स’मध्ये करून तिथेच कोरचं रिमॅप म्हणून सेव्ह करायचं. फक्त एक ध्यानात ठेवा: रेट्रोआर्च बटणांची नावं सुपर निन्टेन्डोप्रमाणे घेतं, त्यामुळे एक्सबॉक्सच्या कंट्रोलरवर जे खालचं बटण ए म्हणून छापलंय, त्याला रेट्रोआर्च बी म्हणतं. छापील अक्षरं विसरा, जागा बघा.

त्याच टीव्ही गेमबद्दल आणखी एक गोष्ट. एम्युलेटरवर पहिल्यांदा मारियो किंवा कॉन्ट्रा लावणाऱ्या अनेकांना वाटतं की गेम जरा जास्तच पळतोय, आपणच आता हळू झालो. तसं नाही. मूळ जपानी आणि अमेरिकन मशीन सेकंदाला साधारण ६० फ्रेम, म्हणजे चित्रं, दाखवायचं. आपल्याकडचे टीव्ही पाल पद्धतीचे, ५० फ्रेमचे. अशा टीव्हींसाठी निघालेल्या नकली फॅमिकॉममध्ये प्रोसेसरचा वेग मूळच्या जवळपास ठेवून फ्रेम तेवढ्या ५० वर आणलेल्या असत. गेमची चाल फ्रेमवर मोजलेली असते, त्यामुळे सगळं सुमारे १७ टक्के सावकाश चालायचं. संगीताचा सूर जवळजवळ तोच, लय मात्र संथ. एम्युलेटरच्या जगात या पद्धतीला डेंडी म्हणतात, कारण रशियात या नावाचं असंच मशीन घरोघर होतं. मेसेन आणि नेस्टोपिया दोन्हींत रीजन म्हणून डेंडी निवडता येतं. मी निवडलं आणि पहिल्या टप्प्याचं संगीत सुरू होताच कानांना ते ओळखीचं वाटलं. लहानपणी टीव्ही गेम खेळलेल्या प्रत्येकाने हे सेटिंग एकदा तरी लावून बघावंच. अडचण एवढीच की ५० फ्रेमचा गेम ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर सरकताना अडखळतो. मॉनिटरला फ्रीसिंक (गेमच्या फ्रेमप्रमाणे स्वतःचा वेग बदलायची सोय) असेल तर ‘सिंक टू एक्झॅक्ट कंटेंट फ्रेमरेट’ चालू करा, अडखळणं जातं.

उशिराचं गणित असं. ६० फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम म्हणजे १६.६७ मिलिसेकंद. जुन्या ट्यूबच्या टीव्हीवर चित्र आल्याबरोबर दिसायचं. आता कंट्रोलर, विंडोज, ग्राफिक्स आणि टीव्ही असा प्रत्येकजण थोडा थोडा वेळ खातो. सगळ्यात मोठा चोर बहुतेक वेळा टीव्हीच असतो. हॉलमधल्या टीव्हीवर गेम मोड लावला तेव्हा एवढा फरक पडला की पीसीत काही बदलायच्या आधीच खेळणं सुसह्य झालं. मग आवाज. रेट्रोआर्चमध्ये ऑडिओचा उशीर ६४ मिलिसेकंद असतो, तो मी ३२ वर आणला. आवाज फाटायला लागला तर थोडा वाढवा.

त्यानंतर रन-अहेड. ही सोय २०१८ साली आली आणि माझ्या मते रेट्रोआर्च वापरायचं सगळ्यात मोठं कारण हीच आहे. कित्येक गेम मूळ मशीनवरसुद्धा बटण दाबल्यावर एक-दोन फ्रेम थांबूनच हलायचे. रन-अहेड त्या फ्रेम पडद्यामागे आधीच चालवून घेतं आणि पुढचा निकाल दाखवतं. किती फ्रेम लावायच्या ते अंदाजाने ठरवू नका. कीबोर्डवर पी दाबून गेम थांबवा, कंट्रोलरवर उडीचं बटण दाबून धरा आणि के दाबत एकेक फ्रेम पुढे न्या. तिसऱ्या फ्रेमला पात्र हललं, तर गेमचा स्वतःचा उशीर दोन फ्रेमचा. रन-अहेड दोनवरच ठेवायचं. त्याहून वाढवलं तर हालचालीची सुरुवातच गायब होते आणि पात्र तुटक उड्या मारतं.

पार्लरच्या गेमबद्दल थोडं. फायनलबर्न निओमध्ये झिप फाइल उघडायची नाही, आहे तशीच ठेवायची, आणि ती कोरच्या आवृत्तीशी जुळणारी हवी. निओ जिओचे गेम, म्हणजे किंग ऑफ फायटर्स ९७ वगैरे, ‘निओजिओ’ नावाची बायोसची (मशीनच्या मूळ सॉफ्टवेअरची) झिप सोबत नसेल तर सुरूच होत नाहीत. नाणं टाकायला सिलेक्टचं बटण. इथे चांगल्या डी-पॅडची खरी किंमत कळते, कारण पाव वर्तुळ फिरवून मारायचा वार कच्च्या पॅडवर निघतच नाही. सगळ्यात हळहळ वाटते ती आपण सगळे ज्याला ‘मुस्तफा’ म्हणायचो त्या गेमची. कॅपकॉमचा १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स. भारतातल्या पार्लरांमध्ये त्याच्यासाठी रांगा लागायच्या, आणि तो घरगुती कन्सोलवर अधिकृतपणे कधी आलाच नाही. असे गेम पैसे देऊन विकत घेता यायला हवेत, असं मला मनापासून वाटतं. जे मिळतात ते विकत घ्या. २०१९ चा मायक्रो मेजेस हा फॅमिकॉमच्याच पिढीसाठी नव्याने लिहिलेला, चौघांनी मिळून खेळायचा गेम आहे, आणि त्याची रॉम फाइल (एम्युलेटरवर चालणारी गेमची फाइल) निर्मात्यांकडून रीतसर विकत मिळते. आमच्याकडे सुट्टीत तोच सगळ्यात जास्त चालतो. एक्सइनपुटवर, म्हणजे विंडोजच्या एक्सबॉक्स कंट्रोलरच्या पद्धतीत, चारच कंट्रोलर चालतात, तेवढं ध्यानात ठेवा.

प्लेस्टेशनसाठी माझ्या जुन्या डिस्क होत्याच. पीसीच्या डीव्हीडी ड्राइव्हवर त्या वाचून बिन आणि क्यू फाइल (डिस्कची नक्कल) तयार केल्या आणि माम या पार्लर गेमच्या एम्युलेटरसोबत येणाऱ्या सीएचडीमॅनने प्रत्येक डिस्कची एकेक सीएचडी फाइल केली. जागा वाचते आणि पसारा राहत नाही. एकाहून जास्त डिस्कचा गेम असेल तर साध्या नोटपॅडमध्ये ओळीने फाइलींची नावं लिहून एमथ्रीयू फाइल बनवा, म्हणजे डिस्क बदलताना शोधाशोध नाही. डकस्टेशनमध्ये पीजीएक्सपी नावाचं सेटिंग चालू केलं की भिंती आणि रस्ते थरथरायचे थांबतात. ती थरथर मूळ मशीनच्या हिशेबाच्या मर्यादेमुळे असायची. रेझोल्यूशन मी चौपटीवर ठेवलंय, जुना ग्राफिक्सही ते पेलतो. एखाद्या गेममध्ये कंट्रोलर काहीच करत नसेल तर घाबरू नका. ड्युअलशॉक १९९७ साली आला, त्याआधीच्या काही गेमना ॲनालॉग कंट्रोलर कळत नाही. सेटिंगमध्ये ‘डिजिटल कंट्रोलर’ निवडा.

डक हंटची बंदूक आजच्या सपाट टीव्हीवर चालत नाही. ती ट्यूबच्या टीव्हीवर चित्र कोणत्या क्षणी उमटतं, त्यावर अवलंबून होती. माउसने नेम धरता येतो, पण मजा अर्धीच.

चित्राबद्दल थोडक्यात: इंटिजर स्केल (चित्र पूर्ण पटीतच मोठं करणारं सेटिंग) लावा, वर-खाली काळ्या पट्ट्या राहिल्या तरी चालतील. सीआरटी शेडर (ट्यूबच्या टीव्हीसारखं चित्र दाखवणारा फिल्टर) हवा असेल तर जुन्या मशीनवर झेडफास्ट-सीआरटी हलका पडतो, सीआरटी-रॉयल जड जातो.

आणि सेव्ह. भाच्याचा जीव सेव्ह स्टेटमध्ये, म्हणजे गेम आहे त्या क्षणी जतन करायच्या एम्युलेटरच्या सोयीत, अडकलेला असतो, कारण एका बटणात काम होतं. पण कोर अपडेट झाल्यावर जुनी स्टेट उघडेलच याची खात्री नसते. गेममधलं स्वतःचं सेव्ह एसआरएम फाइलमध्ये राहतं आणि ते अपडेटनंतरही चालतं. त्यामुळे आमच्याकडे नियम आहे: झोपायच्या आधी गेममध्ये सेव्ह. ‘सेव्ज’, ‘कॉन्फिग’ आणि प्लेस्टेशनच्या मेमरी कार्डचं फोल्डर मी अधूनमधून पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवतो. मेमरी कार्डची फाइल जेमतेम १२८ किलोबाइटची असते.